नवा शिफ्ट इन्चार्ज, जुने सेटर आणि लॉगबुकातली एक ओळ

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय २६, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दोन वर्षं प्रॉडक्शन इंजिनिअर होतात, गेल्या महिन्यात मशीन शॉपचे शिफ्ट इन्चार्ज झालात. हाताखाली २१ माणसं. त्यात ५२ वर्षांचे एक सेटर (प्रत्येक कामासाठी मशीन जुळवून देणारे), पाच कायम ऑपरेटर, बाकी कंत्राटी आणि शिकाऊ, त्यातच आयटीआय झालेल्या चार मुली. ज्याच्याबरोबर दोन वर्षं डबा वाटून खाल्लात तो मित्रही आता तुमच्याच हाताखाली. तोंडावर सगळे "हो सर" म्हणतात आणि करायचं तेच करतात. तुम्ही विचारलंय: आदर आणि विश्वास मिळवायचा तर कडक राहू की मित्रासारखा वागू?

शॉपवरच्या माणसांच्या डोक्यात हा प्रश्न नसतोच. कडक साहेब त्यांनी पाहिलेत, गोड बोलणारेही पाहिलेत, आणि दोन्ही प्रकारचे दोन-तीन वर्षांत बदलून गेलेलेही पाहिलेत. तुमच्याबद्दल त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. काही बिघडलं, आणि वरून विचारणा झाली, तर हा माणूस कुणाचं नाव घेणार? त्याचं उत्तर मिळेपर्यंत ते "हो सर"च म्हणत राहतील.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. डिप्लोमा करून १९९१ मध्ये भोसरीच्या एमआयडीसीत लागलो आणि पाच वर्षांनी, २५व्या वर्षी, शिफ्ट इन्चार्ज झालो. टर्निंगची, म्हणजे लेथवर कातकामाची, लाईन होती, कास्ट आयर्नचा जॉब (मशीनवर घडवायचा भाग). टार्गेट शिफ्टला १२०, निघायचे १०४-१०५. मला वाटलं, फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, वाढवला की विषय संपला. लाईनवर एक सेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते म्हणाले, "साहेब, या लॉटच्या कास्टिंगमध्ये मधे मधे कडक डाग लागतायत. इन्सर्ट टिकायचा नाही." मी म्हणालो, "तुम्ही वाढवा, पुढचं मी बघतो." तीन तासांत इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, फुटला, होल्डर जॉबवर आदळला आणि टूल धरणाऱ्या टरेटची अलाइनमेंट गेली. मशीन दीड दिवस बंद.

संध्याकाळी लॉगबुक भरायला घेतलं. हात थोडा थांबला, खोटं नाही बोलत. मग लिहिलं, "ऑपरेटरच्या दुर्लक्षामुळे टूल तुटले." एक ओळ. मॅनेजरनी वाचली, मान डोलावली, माझ्यापुरता विषय संपला.

दुसऱ्या दिवशी कुणी काही बोललं नाही. भांडण नाही, तक्रार नाही, युनियनचा माणूस आला नाही. उलट त्या दिवसापासून माझा प्रत्येक शब्द पाळला जाऊ लागला. अगदी शब्दशः. "तीन नंबरला हा जॉब लावा" म्हटलं की लागायचा. मला वाटलं, चला, वचक बसला. चार महिन्यांनी एका जॉबचं ड्रॉइंग बदललं, बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, मापात थोडा फरक होता. नवं ड्रॉइंग स्टोअरला आलं होतं, मामांनी पाहिलंही होतं. मी सवयीने जुनंच हातात दिलं. ३४० जॉब जुन्या मापाने निघाले आणि इन्स्पेक्शनला अडकले. मी मामांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?" ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही सांगितलं तसं केलं, साहेब."

मशीन शॉपमधला सगळ्यात महागडा असहकार तो हा. माणूस सांगितलेलं सगळं करतो आणि न सांगितलेलं काहीच करत नाही. तुमचं शॉप चालतं ते न सांगितलेल्या गोष्टींवर. आवाज बदलला म्हणून कुणीतरी टूल आधीच फिरवतो, कूलंट पातळ झालंय म्हणून सांगतो, शेजारच्या नव्या पोराने गेज उलटा धरलाय म्हणून उठून जातो. यातलं एकही काम जॉब कार्डवर लिहिलेलं नसतं. तुमचे लोक "हो सर" म्हणून मनाप्रमाणे करतायत म्हणजे निदान ते अजून डोकं तरी वापरतायत. माझ्या लोकांनी तेही बंद केलं होतं.

या बाबतीत मला पटलेलं एक उदाहरण सांगतो. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला जनरल मोटर्सचा कारखाना होता. साधारण पाचातला एक माणूस रोज गैरहजर, दारू, भांडणं, युनियनशी सतत खडाजंगी. १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना न्यूमी या नावाने पुन्हा सुरू केला. युनियन तीच आणि घेतलेले बहुतेक कामगारही जुनेच, ज्यांना सगळे बिघडलेले म्हणत होते ते. थोड्याच काळात गैरहजेरी दोनेक टक्क्यांवर आली आणि गाड्यांची क्वालिटी जपानमधल्या कारखान्यांच्या बरोबरीला पोचली. (२०१० मध्ये तोही बंद झाला. आज त्या जागेत टेस्लाच्या गाड्या बनतात.)

तिथे बऱ्याच गोष्टी बदलल्या, पण कामगारांच्या आठवणीत सगळ्यात जास्त राहिली ती अँडॉनची दोरी. जुन्या कारखान्यात लाईन थांबवणं हा गुन्हा होता. चुकीचं बसलं तरी गाडी पुढे जाऊ द्यायची, शेवटी दुरुस्त होईल. नव्या व्यवस्थेत कुणालाही अडचण दिसली तर दोरी ओढायची, आणि ओढली की टीम लीडर धावत यायचा. विचारायला नव्हे, हात लावायला. काय अडलंय ते दोघांनी मिळून बघायचं, ठरलेल्या खुणेपर्यंत सुटलं तर ठीक, नाहीतर लाईन थांबायची.

आता तुमच्याकडे बघा. चाकणमध्ये आज बहुतेक ठिकाणी हिरवा-पिवळा-लाल दिवा आहे, भिंतीवर अँडॉन बोर्ड आहे. दोरीच्या जागी बटण आहे. तरी ऑपरेटर ते दाबत नाही, कारण दाबलं की तितकी मिनिटं डाउनटाइम म्हणून त्याच्या मशीनच्या नावावर चढतात आणि सकाळी कुणीतरी येऊन विचारतं, "काल इतका वेळ का गेला रे?" उपकरण आलं, दोरी आलीच नाही. आपल्याकडे खरी दोरी म्हणजे इन्चार्जचा चेहरा. पोरगा येऊन "सर, एक जॉब गेला" म्हणाला की पहिल्या दोन सेकंदांत तुमच्या कपाळावर काय उमटतं, तेवढं तो बघतो आणि पुढच्या वेळी यायचं की नाही ते ठरवतो.

म्हणून पहिली सवय एवढीच लावा. वाईट बातमी घेऊन कुणी आलं तर पहिलं वाक्य "कुणी केलं?" असू देऊ नका. "किती निघाले? बाजूला ठेवलेत का? चल, बघू" असं काहीही चालेल. कोण, कसं, का, हे नंतर कळतंच, बहुतेक वेळा तोच सांगतो. आणि पाय उचला, टेबलावर बसून ऐकू नका. टोयोटाचे ताइची ओनो इंजिनिअरला शॉपवर खडूचं वर्तुळ काढून त्यात तासन्‌तास उभं करायचे, नुसतं बघायला. तुम्ही वर्तुळ काढू नका, लोक हसतील. पण शिफ्टचा पहिला अर्धा तास लॅपटॉप बंद ठेवून मशीनच्या मध्ये घालवा.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. हे नीट जमायला लागलं की तुमचं रिजेक्शन वाढेल. म्हणजे वाढलेलं दिसेल. आजवर जे जॉब चिप्सच्या ट्रॉलीत खाली दाबले जात होते, किंवा हळूच चांगल्या मालात मिसळत होते, ते आता लाल डब्यात यायला लागतील. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही हेच कोडं पडलं होतं. चांगले गट औषधांच्या चुका कमी करत असतील असा अंदाज होता, आकडे उलटे आले. चांगल्या गटांतच चुका जास्त. पुढे लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, बोलल्या जात होत्या. ही गोष्ट तुमच्या मॅनेजरना रिजेक्शन वाढायच्या आधी सांगून ठेवा. "दोन महिने आकडा खराब दिसेल, कारण लपलेला माल बाहेर काढतोय" हे आधी सांगितलं तर योजना वाटते, नंतर सांगितलं तर सबब.

आता सेटर. तुमच्या प्रश्नात त्यांच्याबद्दल थोडी अढी दिसली, "त्यांना वाटतं सगळं त्यांनाच येतं". अहो, त्यांना येतंच. ते तुमच्या जन्माच्या आसपास मशीनला लागलेत. तुम्ही त्यांच्याशी ज्ञानाची कुस्ती खेळायला गेलात तर हराल, आणि जिंकलात तर जास्त वाईट. माझ्या काळातला एक इन्चार्ज एका सेटरची चूक चार पोरांसमोर पुस्तक उघडून दाखवायचा. चूक खरी होती. वर्षभर त्या लाईनवर सेटअपला दीडपट वेळ लागत होता आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं.

त्यांच्याकडे शिकायला जा, पण नाटक म्हणून नको. "काका, मला पण शिकवा ना" असं लाडीगोडीने म्हणणारे साहेब त्यांनी खूप पाहिलेत. ठरावीक गोष्ट विचारा. "या जॉबचा दुसरा सेटअप तुम्ही चाळीस मिनिटांत करता, सेकंड शिफ्टला सव्वा तास लागतो. जॉब पकडणारे जॉज बोअर करताना तुम्ही काय वेगळं करता?" मग वही काढून उभ्या उभ्या लिहून घ्या. आणि ते सेटअप शीटवर चढवलंत तर शीटवर त्यांचं नाव घाला. त्याला पैसे लागत नाहीत, आणि नाव छापलेला तो कागद ते घरी मुलाला दाखवतील, मी पाहिलंय.

तुमच्याकडे त्यांच्याकडे नसलेल्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्यात कच्चे राहू नका. ड्रॉइंग वाचणं, त्याचा बदल क्रमांक तपासणं, ग्राहकाची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे ते समजणं, कंट्रोल चार्ट बघून "हे माप हळूहळू वर सरकतंय" हे जॉब बाद व्हायच्या आधी ओळखणं. सेटर तुम्हाला मानायला लागतात ते तुम्ही त्यांचं काम त्यांच्याहून चांगलं करता म्हणून नव्हे. तुमच्यामुळे त्यांची धावपळ वाचते म्हणून. लोड बदलणार हे त्यांना आदल्या दिवशी कळलं, नवे इन्सर्ट संपायच्या आत आले, फिक्स्चरची पिन दोन आठवडे मागत होते ती मिळाली, की झालं.

यावरून आठवलं. "बघतो" हा शब्द तुमच्या तोंडातून काढून टाका. आपल्याकडे "बघतो"चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. रजा हवीय, बघतो. पंखा बंद आहे, बघतो. माझा ओटी कमी लागलाय, बघतो. नव्या इन्चार्जला नाही म्हणायची लाज वाटते आणि हो म्हणायचे अधिकार नसतात, म्हणून हा शब्द जन्माला येतो. पहिले दोन महिने लोक मुद्दाम छोट्या मागण्या करून बघतात. मोठ्या गोष्टी तुमच्या हातात नाहीत हे त्यांनाही कळतं. त्यांना बघायचं असतं की तुम्ही परत येऊन उत्तर देता का.

खिशात मावेल अशी छोटी वही ठेवा. कुणी काही मागितलं की त्याच्यासमोर लिहा, तारीख घाला आणि कधी सांगणार ते बोला: "शनिवारपर्यंत सांगतो." शनिवारी जाऊन सांगा, नकार असला तरी सांगा. "मेंटेनन्सला बोललो, या महिन्यात पंखा होणार नाही, पुढच्या महिन्याच्या खरेदीत टाकलाय." पंखा आला नाही तरी उत्तर आलं. माझ्या अनुभवात नकार पचतो. विसरणं पचत नाही, कारण विसरणं म्हणजे तू मोजदादीतच नाहीस.

ओटीचं वेगळं सांगायला हवं. जादा कामाला दुप्पट दर, हा नियम १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलाय. तो पाळला जातो की नाही हे ठरवणारे तुम्ही नाही. पण जादा तासांच्या कागदावर सही तुमची असते. पोरगा साडेतीन तास थांबला असेल तर तीन लिहू नका. कुणी "वरून" सांगितलं तरी पेनने खोटा आकडा उतरवू नका. ठेकेदाराचा माणूस असेल तर जास्तच जपून, कारण त्याच्या बाजूने बोलणारं शॉपवर दुसरं कुणी नसतं. त्या अर्ध्या तासाचे पैसे तुम्हाला फार वाटणार नाहीत. त्याला ते महिनाभर लक्षात राहतात, आणि तो एकटा लक्षात ठेवत नाही.

चार मुलींबद्दल तुम्ही नुसतं "त्यांचा काही त्रास नाही" असं लिहिलंय. त्रास नसतो तिथे बहुतेक वेळा सांगणं नसतं. एक तपासून बघा. बायकांचं टॉयलेट शॉपपासून किती लांब आहे आणि लाईन चालू असताना त्यांच्या जागी उभं राहायला कुणी येतं का? एका ठिकाणी मला वर्षभराने कळलं की मुली दुपारी पाणी पीत नाहीत, कारण जाऊन यायला बारा मिनिटं लागायची आणि तेवढ्यात मशीनचे तीन जॉब अडकायचे. कुणी तक्रार केली नव्हती. मी दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटं रिलीव्हर फिरवायला सुरुवात केली, पोरांसाठीही तेच. पुढच्या महिन्यात त्यातल्याच एकीने येऊन सांगितलं की एअर गेजचा मास्टर (ज्याच्यावरून गेज जुळवतात तो नमुना) पडला होता, तेव्हापासून रीडिंग संशयास्पद आहे. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं कागदावर वाटेल.

मित्राचा प्रश्न नाजूक आहे आणि त्याला छान उपाय नाही. त्याला एकट्याला बाहेर गाठा, टपरीवर चहा घ्या आणि सरळ बोला. "तुला वाटलं असेल हे पद तुला मिळायला हवं होतं. कदाचित बरोबरही असेल. पण आता रजेची यादी मी करणार आहे आणि गौरी-गणपतीत सगळ्यांनाच गावी जायचंय. तुझं नाव मी वरही घेणार नाही आणि खालीही ढकलणार नाही." बस. त्याच्याबरोबर डबा खाणं सोडू नका, एकदम टेबल बदललंत तर पद डोक्यात गेलं म्हणतील. मात्र त्या टेबलावर दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं आजपासून बंद. तुम्ही मित्राजवळ सेटरबद्दल जे हसत हसत बोलाल ते चहाच्या सुट्टीच्या आत सेटरपर्यंत पोचलेलं असेल. आणि दिवाळीची यादी फळ्यावर लावा. गेल्या वर्षी कुणाला मिळाली होती, या वर्षी कुणाला, शेजारी शेजारी. रजेबद्दलची निम्मी कुरबुर यादी दिसली की थांबते.

मग कडकपणा कुठे? आहे, एका जागी पुरेपूर आहे. दाराचा सेफ्टी स्विच बायपास करून मशीन उघड्या दाराने चालवणं. फिरत्या स्पिंडलजवळ चिप्स हाताने ओढणं. ड्रिलिंगवर हातमोजे घालणं, ज्याला बरेच जण सुरक्षितता समजतात, आणि मोजा ड्रिलमध्ये गुंडाळला की बोटं त्याच्यामागे जातात. इथे समजावणं नाही, "पुढच्या वेळी" नाही. मशीन तिथल्या तिथे बंद, मग बोलणं. टार्गेट जाऊ दे. आणि महत्त्वाचं म्हणजे टार्गेटची घाई तुमची असताना, महिनाअखेरीला, माल गाडीत चढायचा असताना बंद करा. एरवी केलेल्या कडकपणाला किंमत नाही. ३० तारखेला रात्री अकरा वाजता तुम्ही बायपास केलेलं मशीन थांबवलंत तर लोकांना कळतं की तुमचं सुरक्षिततेचं बोलणं भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा वेगळं आहे.

बाकी चुकांना तीन खण करा. न कळल्यामुळे झालेली चूक शिकवायची असते. थकून किंवा व्यवस्थेमुळे झालेली चूक बहुतेक वेळा तुमची असते. सलग चौथी नाईट करणाऱ्या पोराला नवा जॉब तुम्हीच दिलेला असतो. उरते ती माहीत असून केलेली, म्हणजे पहिला पीस न तपासता चालवलेला लॉट, न मोजता भरलेलं तपासणीचं कार्ड. ती त्याच दिवशी, त्याच्या मशीनजवळ, हळू आवाजात, नेमक्या शब्दांत बोला. सगळ्यांसमोर नको आणि आठ दिवस मनात साठवूनही नको. कागदावर न्यायची वेळ आली तर आधी त्याला तोंडावर सांगा की मी हे लिहिणार आहे आणि असं लिहिणार आहे. मेमो पाठीमागून आला की बाकीचे वीस जण त्याची बाजू घेतात, चूक त्याची असली तरी.

आणि सकाळची मीटिंग. लोकांना वाटतं तिथे काय बोललं जातं ते शॉपवर कळत नाही. सगळं कळतं. चहा देणारा आत असतो, क्वालिटीवाला बाहेर येऊन बोलतो, एवढंच काय, मीटिंगनंतर तुमच्या चालण्यावरून कळतं. तिथे "माझे लोक ऐकत नाहीत" हे वाक्य एकदाही बोलू नका, कारण तुमच्या मॅनेजरना ते "मला जमत नाही" असंच ऐकू येतं आणि खाली ते "साहेबांनी आपल्याला विकलं" असं पोचतं. याचा अर्थ लोकांची पांघरुणं घाला असा नाही. आकडे खरे द्या, जॉब गेलेत तर गेलेत म्हणा. फक्त कर्ता स्वतःला ठेवा: "काल ४० बाद झाले, फर्स्ट पीस बघायला मी माणूस ठेवला नव्हता, आजपासून ठेवलाय." चांगलं झालं असेल तर कर्ता बदला: "सेटअप पंधरा मिनिटांनी कमी झालाय, काकांनी जॉजची नवी पद्धत बसवली." पहिल्यांदा हे बोलताना घशाशी येईल. बढती आपल्याला हवी असते ना.

माझी ती लॉगबुकातली ओळ पुढे काय झाली ते राहिलंच. ३४० जॉबच्या प्रकरणानंतर मी मॅनेजरकडे गेलो आणि सांगितलं की चार महिन्यांपूर्वी फीड वाढवायला मीच सांगितलं होतं, मामांनी अडवलं होतं. चांगली अर्धा तास खरडपट्टी झाली, त्या वर्षीची पगारवाढही बेतासबात झाली. खाली येऊन त्या ऑपरेटरला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब." मामा काहीच म्हणाले नाहीत. लगेच सगळं सुरळीत झालं असं अजिबात नाही. आठवडा-दहा दिवसांनी, मशीनजवळून जात होतो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "ऐका," म्हणाले. मी ऐकलं, मला काही कळलं नाही. "परत ऐका. कट घेताना शेवटी किंचित किरकिरतोय. अजून आठ-दहा जॉब, मग इन्सर्ट फिरवायचा." बाराव्या जॉबला माप सरकायला लागलं. तेव्हापासून ते मला ऐकायला शिकवत होते.

किती दिवस लागतील असं तुम्ही विचारलंय. मला आठ-नऊ महिने लागले, त्यातले निम्मे मी स्वतःच वाया घालवले. "सर" म्हणायचं थांबतील असं नाही, ते शेवटपर्यंत म्हणतात. त्यावर जाऊ नका.

त्या वेळी आमच्याकडे नाईटला इन्चार्ज नसायचा, मामाच बघायचे. घरी फोन नव्हता, शेजारच्या काकूंकडे होता, आणि अगदी अडलं तरच करायचा असं ठरलेलं होतं. एका रात्री पावणेतीनला काकूंनी दार वाजवलं. धावत गेलो. गेटवरच्या सिक्युरिटीच्या फोनवरून एक नवा ऑपरेटर बोलत होता, आवाज कापत होता. "साहेब, माझ्याकडून सहा जॉबचे बोअर मोठे झालेत. ऑफसेट उलटा टाकला. बाजूला काढून ठेवलेत, मशीन थांबवलंय."

मी विचारलं, "तुला काही लागलं नाही ना?"

"नाही."

"मामांना सांगितलंस का?"

"मामाच म्हणाले, फोन कर."